लॅपटॉप ओव्हनमध्ये भाजायचे दिवस

जुना लॅपटॉप घरी दुरुस्त करायला काढला की एखादा मित्र हमखास म्हणतो, "अरे, मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाज, चालू होतो!" इथे सदरला माझ्या टेबलावर रविवारी असे बंद पडलेले लॅपटॉप येतात, आणि सोबत हा सल्लाही येतो. हा नुस्खा आला कुठून?

१ जुलै २००६ ला युरोपात 'रोह्स' नियम लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं शिसं बहुतेक ठिकाणी हद्दपार झालं. जुनं सोल्डर म्हणजे ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. नवं सोल्डर कथील, चांदी आणि तांब्याचं. त्याला साधारण २१७ अंश लागतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत ग्राफिक्स चिप असलेले बरेच लॅपटॉप अकाली मरू लागले. आधी स्क्रीनवर रेघा, मग सगळा अंधार. लोकांनी बिल नव्या सोल्डरच्या नावावर फाडलं. चिपखालचे टाके सुटलेत, तापवा, बसतील परत! बोर्ड ओव्हनमध्ये गेले, आणि काही चक्क चालू झाले.

पण २ जुलै २००८ ला एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही जुन्या चिप्स पॅकेजिंगच्या कमकुवत मालामुळे बिघडताहेत. त्यासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले आणि २०१० मध्ये तडजोड झाली.

म्हणजे दोष बोर्डावरच्या टाक्यांत नव्हताच, तो चिपच्या पोटात होता. सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पट्टी यांना जोडणारे बारीक थेंब असतात. तापलं की पट्टी जास्त पसरते, सिलिकॉन कमी. ही ओढाताण झेलायला मध्ये एक गोंद भरलेला असतो. तो तापल्यावर लवकर मऊ पडणारा निघाला, आणि रोजच्या चालू-बंदमध्ये थेंबांना तडे गेले. आता गंमत बघा. हे थेंब भरपूर शिसं असलेलेच होते, नियमात त्यांना सूट होती! ज्या शिशाच्या नसण्यावर खापर फुटलं, ते तिथे होतंच.

नुस्ख्यातलं तापमान असायचं २०० अंशांच्या आसपास. त्यात नवं सोल्डर वितळत नाही, आणि ते थेंब तर ३०० च्या पुढे वितळतात. मग बोर्ड चालू का व्हायचा? उष्णतेने चिप किंचित हलते आणि तड्याच्या दोन कडा पुन्हा टेकतात, एवढंच. काही दिवसांनी परत अंधार. वर ओव्हनमध्ये प्लास्टिकचा आणि फ्लक्सचा धूर. त्यात नानकटाई कोण भाजणार?

असो. मी आधी मल्टिमीटर लावतो. चार्जरच्या जॅकचा टाका सुटलाय, एखादा कपॅसिटर शॉर्ट झालाय, हे घरी सोल्डरिंग आयर्नने जमतं. पंखा आणि जाळीतली धूळ काढणं तर प्रत्येकाला जमतं, आणि पारा ४५ ला टेकणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात ते फार गरजेचं आहे. चिपच मेली असेल तर ती बदलणं हाच उपाय. आणि कुणी बोर्ड भाजून चालू केलाच असेल, तर त्यात सिनेमा बघत बसू नका. त्याच रात्री फोटो आणि फायली दुसरीकडे उतरवून घ्या.