सिमरसाहेबांचे मोजे

पायमोज्यांना इतिहासात जागा नाही अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. विजेच्या इतिहासातलं एक अख्खं पान पायमोज्यांच्या नावावर आहे, आणि तेही चांगल्या रेशमी.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की काचेची कांडी रेशमावर घासली की तिच्यावर धन विद्युत येते आणि एबोनाइटची लोकरीवर घासली की ऋण. मास्तरांनी हे अशा थाटात सांगितलं, की ब्रह्मदेवानं पहिल्याच दिवशी दोन पाट्या रंगवून टांगल्या असाव्यात. या पाट्यांवरून शंभर-दीडशे वर्षं भाऊबंदकी चालली होती, हे मात्र मास्तरांनी आपल्यापाशीच ठेवलं.

भांडणाला सुरुवात १७३३ साली झाली. पॅरिसच्या राजउद्यानाचे प्रमुख द्यु फे यांनी जाहीर केलं की वीज दोन जातींची असते : एक काचेची, दुसरी राळेची. एका जातीच्या दोन वस्तू एकमेकींना दूर लोटतात, परजातीच्या जवळ ओढतात. आमच्याकडे लग्नं बरोबर याच्या उलट ठरत असल्यामुळे हा शोध आपल्याला लागला नसावा.

मग १७४७ च्या सुमारास फिलाडेल्फियातून बेंजामिन फ्रँकलिन बोलले. वीज दोन-बिन नाहीत, म्हणाले, एकच आहे. ती द्रवासारखी सगळ्या पदार्थांत भरलेली असते. वाजवीपेक्षा जास्त झाली की धन, कमी पडली की ऋण. गृहस्थ मुळात छापखान्याचा धंदा केलेला, तेव्हा जमाखर्च अंगात मुरलेला! पण त्यात एक मोठी गोष्ट होती. घासल्यानं वीज निर्माण होत नाही, फक्त इकडची तिकडे जाते. एकाच्या वहीत जमा, तर दुसऱ्याच्या वहीत तेवढीच नावे. हा हिशेब आजतागायत चुकलेला नाही.

पॅरिसमध्ये विजेचे मोठे पंडित होते आबे नोले. दोनच प्रवाह, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा, असं त्यांचं स्वतःचं तिसरंच मत. अमेरिकेतून असलं काही येईल यावर त्यांचा विश्वासच बसेना. फ्रँकलिन नावाचा माणूसच नाही, हे आपल्या पॅरिसमधल्या शत्रूंनीच रचलेलं आहे, असं त्यांना आधी वाटलं. विरोधकाचं मत खोडून काढणारे पुष्कळ पाहिले. विरोधकालाच खोडून काढणारा हा एकच.

फ्रँकलिनच्या वहीत एक अडचण मात्र होती. जास्त वीज असलेल्या दोन वस्तू एकमेकींना ढकलतात, हे समजू शकतं. दोन श्रीमंतांचं पटत नाहीच. पण वीज कमी असलेल्या दोन वस्तूही एकमेकींना ढकलतात! अहो, दोन कर्जबाजारी माणसं भेटली तर गळ्यात गळा घालतात. सेंट पीटर्सबर्गच्या एपिनसनं १७५९ साली उत्तर दिलं : विजेशिवायचा पदार्थच पदार्थाला ढकलतो. न्यूटनच्या आकर्षणावर वाढलेल्या मंडळींना हा घास गिळवेना.

नेमक्या त्याच साली लंडनमध्ये रॉबर्ट सिमर यांनी मोजे काढले. ते एका पायात दोन मोजे घालीत, एक पांढरा, एक काळा. संध्याकाळी काढताना चटचट आवाज येई. दोन्ही एकदम काढले तर काही नाही. पण एकातून दुसरा ओढून वेगळा केला, की दोन्ही टम्म फुगत, जणू आत अजून पाय आहे. दोन पांढरे एकमेकांपासून पळत, दोन काळेही पळत; पांढरा-काळा जवळ आणले की एकमेकांना बिलगून चपटे होत. सिमर म्हणाले, काळ्यातला जोर पांढऱ्याइतकाच आहे. याला कमतरता कसं म्हणायचं? विजा दोनच, आणि दोन्ही खऱ्या. त्यांनी हे सगळं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. चारचौघांत आपल्या मोज्यांविषयी बोलायला किती धैर्य लागतं, हे चपला दाराबाहेर काढणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

हसण्यासारखं आहे खरं. पण हा पोरखेळ नव्हता. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गलाच रिखमान नावाचे प्राध्यापक आकाशातली वीज मोजायला उपकरणापाशी गेले आणि जागच्या जागी गेले. वीज एक की दोन, हे विजेनं त्यांना विचारलं नाही.

निकाल लागायला १८९७ साल उजाडलं. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला. धातूच्या तारेतून वाहणारी वस्तू एकच, म्हणजे फ्रँकलिन बरोबर. पण ती निघाली ऋण! ज्याला कमतरता म्हटलं तीच जमा होती. म्हणून आजही पुस्तकातला प्रवाहाचा बाण धनाकडून ऋणाकडे जातो आणि इलेक्ट्रॉन बिचारे उलट दिशेनं चालतात. अणूच्या पोटात मात्र धन आणि ऋण दोन्ही खरेखुरे नांदतात, म्हणजे द्यु फे आणि सिमरही बरोबर. पुण्याच्या कोर्टातसुद्धा इतका समाधानकारक निकाल लागत नाही.

आणि मोजे? २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की एकमेकांना लावून वेगळ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर नुसती धन किंवा नुसती ऋण नसते. दोहोंचे बारीक बारीक ठिपके गोधडीसारखे पसरलेले असतात. शिवाय पदार्थाचे कणही इकडून तिकडे जातात. असल्या वस्तूंत इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचा चुराच जातो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ताऱ्यांच्या पोटात काय जळतं ते आपल्याला कळलं. फुगा केसांवर घासल्यावर नक्की काय होतं, ते अजून चर्चेत आहे. मला याचा का कोण जाणे, फार आनंद होतो. एवढ्या मोठ्या विश्वानं आपलं एक गुपित कुठे दडवून ठेवावं, तर मोज्यात!