हप्त्यावर घेतलेला उजेड

साल 2002. बांगलादेशात मेघनेच्या पात्रातल्या एका चरावर, म्हणजे गाळाच्या बेटावर, तुम्ही होडीतून उतरता. दिवस मावळलाय आणि बाजारातली दुकानं भराभर बंद होताहेत. विजेचे खांब रोवायचे कुठे? पुढच्या पुरात जमीनच जागेवर राहील याचा भरवसा नाही.

पत्र्याच्या घरात घरची बाई चिमणी पेटवते. रॉकेल बेताचं, म्हणून वात खाली. मुलगा पुस्तक ज्योतीच्या इतकं जवळ धरतो की पान करपेल अशी तुम्हालाच धास्ती वाटते. सकाळी नाक शिंकरलंत की रुमालावर काजळी.

आता 2008 मध्ये या. त्याच पत्र्यावर 50 वॉटचं पॅनेल आहे. घरात चार दिवे, कोपऱ्यात बॅटरी आणि बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. दारात, खिडकीत शेजारपाजार दाटलाय. ऐन रंगात भिंतीवरच्या कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि टीव्ही बंद! तक्रार कोणी करत नाही. आज ढगच होते. बाजारातही दुकानं उघडी आहेत.

हे फुकट मिळालेलं नाही. साधारण 15 टक्के रक्कम आधी, बाकी तीन वर्षांच्या हप्त्यांत. हप्ता न्यायला आलेला माणूस बॅटरीतलं पाणीही बघून जातो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेनं 2003 मध्ये 50 हजार घरांचं लक्ष्य धरलं, ते मुदतीआधीच गाठलं. ग्रामीण शक्तीसारख्या संस्था गावोगाव फिरल्या. 2018 पर्यंत 41 लाखांवर संच बसले, म्हणजे सुमारे दोन कोटी माणसं.

2018 मध्ये डोकावलंत, तर तारा बऱ्याच गावांत पोचलेल्या दिसतील आणि संचांची विक्री बसलेली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. फ्रीज किंवा पिठाची गिरणी 50 वॉटवर थोडीच चालते! पण दरम्यान एक पिढी चिमणीविना शिकली, हे कमी नव्हे.

आता परत या. उद्या तुमच्या ओळखीच्या एखाद्या पाड्यावर कोणी सौर दिवे दान द्यायला निघालं, तर फोटो काढण्याआधी एवढं विचारा: बॅटरी संपली की नवी कोण आणणार आणि पैसे कुठून येणार?