दहा दिवसांचे अंतर

30 जानेवारी 1948 ही तारीख सर्वांस पाठ आहे. 20 जानेवारीची आठवण मात्र क्वचितच निघते. त्या सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींची प्रार्थनासभा चालू असता मागील भिंतीपाशी स्फोट झाला. मदनलाल पाहवा हा निर्वासित तरुण जागीच पकडला गेला, साथीदार निसटले. कट त्या दिवशी फसला. तो फसलेलाच राहता तर? हा प्रश्न आम्हांस निव्वळ कल्पनाविलास वाटत नाही.

कारण धागा हाती आला होता. पाहवाने जबानीत पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. 'अग्रणी', पुढे 'हिंदु राष्ट्र', हे पत्र काही गुप्त नव्हते. त्याचा संपादक नथुराम गोडसे हे पुण्यात सहज कळले असते. मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी 21 जानेवारीस बाळासाहेब खेर व मोरारजी देसाई यांना भेटून, पाहवाकडून पूर्वी ऐकलेले सर्व सांगितले. दिल्लीचे पोलीस मुंबईस गेले आणि रिकाम्या हाती परतले. पुण्याचे पोलीस अधिकारी राणा दिल्लीतच होते. 25 तारखेस जबानी घेऊन ते आगगाडीने अलाहाबादमार्गे निघाले व 27 ला मुंबईस पोहोचले. ही सारी दिरंगाई न्यायमूर्ती कपूर यांच्या आयोगाने 1969 च्या अहवालात नोंदली आहे.

कागद वेळेवर पोहोचता, तर काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ उभारण्याचा 29 जानेवारीचा मसुदा गांधीजींनी स्वतः पुढे मांडला असता, आणि नेहरू-पटेलांस त्याचे उत्तर द्यावे लागले असते. त्या दोघांतील मतभेद गांधीजींच्या मृत्यूने झाकले गेले. ते कदाचित त्यांच्यासमोर उघडपणे निवडले गेले असते. आणि महाराष्ट्रात? सातारा, सांगली, कोल्हापूरकडील ब्राह्मणांची घरे त्या फेब्रुवारीत जळाली नसती. कित्येक कुटुंबे वाडे, जमिनी सोडून शहरांत आली, ती गावी परतली नाहीत. एकाच्या कृत्याचे प्रायश्चित्त निरपराध शेजाऱ्यांनी भोगले.

दुसरा मारेकरी निघालाच नसता, असे आम्ही म्हणत नाही. फाळणीचा संताप धुमसत होता, आणि प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेण्यास स्वतः गांधीजींचाच विरोध होता. परंतु हा मारेकरी अडविता आला असता. येथे दिल्लीत आम्हां मराठी नोकरदारांच्या हातांखालून रोज कागद सरकतात. त्यांतील एखादा किती तातडीचा होता, हे पुष्कळदा मागाहून कळते.