चिकणमातीच्या पापुद्र्यांत

सुमारे 6.6 कोटी वर्षे मागे या. वसई नाही, विरार नाही. दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहतो आहे, थरावर थर साचतो आहे. आता लाखो पावसाळे ओलांडा. बेसाल्ट झिजला, त्याची चिकणमाती झाली आणि ओढ्यांनी ती वसईच्या खाडीत आणून टाकली.

त्या मातीच्या एका कणात शिरा. पापडांच्या चळतीसारखे सपाट थर दिसतील, प्रत्येक जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. हे मॉन्टमोरिलोनाइट. थरांवर ऋण प्रभार आहे, म्हणून फटींत सोडियम-कॅल्शियमचे धन आयन बसले आहेत. त्यांना पाण्याची ओढ. बघा, पाण्याचे रेणू आत घुसले! एक पदर शिरला, की दर थरामागे उंची 1 वरून सुमारे 1.25 नॅनोमीटर होते. दुसरा शिरला, की 1.5. थर मोडत नाहीत, फक्त एकमेकांपासून दूर सरतात.

खाडीकाठच्या खाजणातले मीठ या फुगण्याला आवर घालते. पण आषाढाचा पाऊस मीठ धुऊन नेतो, तेव्हा सोडियमवाले थर पार फाकतात. वैशाखात पाणी निघून जाते आणि जमिनीला भेगा पडतात.

आता वसईजवळच्या प्राचीन सोपाऱ्यात या. उन्हात वाळवलेली वीट पहिल्या पावसात पुन्हा चिखल होते. भट्टीत मात्र 600-700 अंशांच्या आसपास थरांच्या घडणीतलेच पाणी सुटते, थर मिटतात; मग पाण्याला आत वाट उरत नाही. म्हणून 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी इथले ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणतात, तेव्हा शतकानुशतकांच्या पावसानंतरही आतल्या स्तूपाच्या विटा विटाच असतात.

आजच्या नालासोपाऱ्यात परत या. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत असेच ये-जा करते. ते आपण मुद्दाम घडवून आणतो. पायाखालच्या मातीत पाणी मात्र आपल्याला न विचारता शिरते, आणि तिच्या फुगण्या-आकसण्याने भिंती तडकतात. तेव्हा भराव टाकलेल्या खाजणावर घर घेणार असाल, तर फरशी आणि रंग पाहण्याआधी माती तपासणीचा अहवाल मागा, आणि पाया त्यानुसारच घातला आहे ना, हे विचारा.