अंबरनाथची काडेपेटी आणि स्टॉकहोमचा कागदी डोलारा

१/ मुंबईजवळचे अंबरनाथ प्राचीन शिवमंदिरासाठी ख्यात आहे. याच गावात १९२०च्या दशकात स्वीडिश भांडवलावर काडेपेट्यांचा कारखाना उभा राहिला. ज्या साम्राज्याचा तो भाग होता, ते १९३२ मध्ये कोसळले. कारखाना मात्र टिकला. शेअरचा भाव आणि धंद्याचे मूल्य यांतील अंतर या इतिहासात स्पष्ट दिसते.

२/ १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयात काडेपेट्यांवरील जकात ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपयापर्यंत वाढवली. तेव्हा 'स्वीडिश मॅच'ने येथेच उत्पादन करण्याचे ठरवले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विमको', स्थापन झाली.

३/ स्वीडिश मॅचचा सूत्रधार होता इव्हार क्रूगर. अडचणीतील सरकारांना कर्ज द्यायचे आणि मोबदल्यात काडेपेट्यांची मक्तेदारी मिळवायची, ही त्याची रीत. जर्मनीला त्याने साडेबारा कोटी डॉलर देऊ केले. हा पैसा शेअर व रोखे विकून उभा राही. भरघोस लाभांशाला भुललेले गुंतवणूकदार ताळेबंदाकडे पाहत नसत.

४/ १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये क्रूगर गोळी लागून मृतावस्थेत सापडला. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली. पुढील तपासात इटालियन सरकारचे बनावट रोखे उघड झाले. 'क्रूगर अँड टोल' दिवाळखोरीत निघाली आणि असंख्य लोकांची बचत बुडाली.

५/ पण समूहात सारेच खोटे नव्हते. टेलिफोन बनवणारी एरिक्सन आणि खाणव्यवसायातील बोलिडेन या कंपन्यांचे यंत्र, खनिज व कारागीर खरे होते. त्या आजही उभ्या आहेत. स्वीडिश मॅच पुनर्रचनेतून सावरली आणि अंबरनाथच्या काड्या पेटत राहिल्या.

६/ अमेरिकेत १९३३ मध्ये रोखेविक्रीपूर्वी माहिती उघड करणे कायद्याने बंधनकारक झाले. १९३४ मध्ये बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांचा 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' हा ग्रंथ आला. मूल्याधारित गुंतवणुकीचा पाया त्यानेच घातला: आधी मालमत्ता, कर्ज व नफा तपासावा, मग भाव पाहावा.

७/ १९३२च्या पडझडीत क्रूगर अँड टोलचा शेअर स्वस्त होता, एरिक्सनचाही. पहिल्याच्या मागे बनावट कागद होते, दुसऱ्याच्या मागे चालता कारखाना. स्वस्ताई दोन्हीकडे सारखीच दिसत होती; फरक केवळ हिशेब वाचणाऱ्यालाच कळू शकत होता.