परभणी जिल्ह्यातला रेडिओ

परभणीच्या घरांत रेडिओ आधी आला आणि परभणीचे केंद्र बऱ्याच वर्षांनी. जिल्ह्यात या वस्तूविषयी जी मते तयार झाली, त्यांतली बरीचशी या मधल्या काळाची आहेत. संच कोणत्या कंपनीचा, यापेक्षा त्यावर काय लागते आणि किती वेळ लागते, हा प्रश्न इथे मोठा होता.

रेडिओ आला तेव्हा परभणी हैदराबाद संस्थानात होती. डाकतार खात्यातल्या महबूब अली यांनी हैदराबादेत सुरू केलेले छोटे केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये ताब्यात घेतले. हेच पुढचे डेक्कन रेडिओ. त्यावर मुख्य भाषा उर्दू. मराठी, तेलुगू आणि कानडीच्या वाट्याला थोडा वेळ येई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली तीही याच रेडिओवरून. १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीकडे गेले. संस्थानाचे औरंगाबाद केंद्रही आकाशवाणीने घेतले होते, पण ते काही वर्षांतच बंद झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा भाषा जुळली खरी, पण सर्वांत जवळचा मराठी आवाजही दूरचा होता.

मध्यम लहरींचा स्वभाव इथे आडवा येई. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे सुमारे ४०० किलोमीटरवरची मुंबई रात्री लागे आणि दिवसा नुसती खरखर. दोन बांबूंमध्ये ताणलेली जाळीची एरियल घरावर दिसली की तिथे रेडिओ आहे हे गावाला कळे. संध्याकाळी लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावण्याचा शौक त्या वेळचाच.

व्हॉल्वचा रेडिओ वीज असलेल्या घरचा. खटका दाबल्यावर तो तापेपर्यंत थांबावे लागे. खेड्यात वीज नव्हती, म्हणून ग्रामपंचायतीचा बॅटरीवरचा सार्वजनिक संच हाच अनेकांचा पहिला रेडिओ. शिवाय परवाना लागे. त्याचे पुस्तक पोस्टातून मिळे आणि दरवर्षी शुल्क भरून त्यात तिकिटे चिकटवावी लागत. हा खर्च अनेकांना खुपे. विकत घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा सरकारला पैसे का द्यायचे, हा सवाल गैर नव्हता. १९८०च्या दशकात परवाना गेला.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ भिंतीवरच्या फळीवरून खांद्याला लटकला. चामड्याचे भोकाभोकांचे कव्हर घातलेला संच आखाड्यावर, बैलगाडीत, लग्नात सासरकडून आलेल्या सायकल-घड्याळाच्या जोडीला दिसू लागला. आता चिंता सेलची. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, हा घरोघरचा उपाय. तो अगदीच भाबडा नव्हता: ऊब मिळाली की जस्त-कार्बनच्या सेलमधली रासायनिक क्रिया वेग घेते, आणि विश्रांतीमुळे आत साचलेला अडथळाही कमी होतो. थोडा वेळ आवाज परत येई. मात्र संपलेला सेल आतच विसरला की तो गळे आणि स्प्रिंग गंजे. मग दुरुस्तीवाल्याकडे सोल्डरिंगचा डाग आलाच. संचाला एक थाप मारून आवाज आणण्याची युक्तीही सैल झालेल्या जोडावरच चाले, एरवी नाही.

साठच्या दशकाअखेरीस परभणीत आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि दिवसाची खरखर मिटली. १३०५ किलोहर्ट्झवर काटा आणला की भर दुपारी मराठी बोलणे ऐकू येई. १८ मे १९७२ रोजी परभणीतच मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच सुमारास मराठवाड्यावर भीषण दुष्काळ आला. पेरणी, कीड, हवामान यांविषयीचे रेडिओवरचे बोलणे आता आपल्या मातीचे होते, आणि संच ‘करमणुकीचा’ की ‘कामाचा’ हा घरातला वाद शेतकऱ्याच्या बाजूने झुकला. वडीलधाऱ्यांची तक्रार मात्र राहिलीच: पोरे कामे सोडून गाणी ऐकतात. गाणी ऐकतच कामे उरकणाऱ्या बायकांचे मत कुणी विचारल्याचे फारसे दिसत नाही.

दूरचित्रवाणी इथे पोचायला वेळ लागला. उपग्रहामार्फत खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा १९७५-७६चा प्रयोग सहा राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ऐंशीच्या दशकात प्रक्षेपकांचे जाळे वाढले, तेव्हा संध्याकाळची बैठक रेडिओपासून सरकली. सकाळ तरीही रेडिओकडे राहिली, कारण बातम्या आणि भक्तिगीते ऐकताना हात मोकळे राहतात.

मोबाइलमधला रेडिओ एफएम लहरींचा असल्याने १३०५ किलोहर्ट्झ त्यावर लागत नाही. आकाशवाणीची केंद्रे आता ‘न्यूजऑनएअर’ या अ‍ॅपवर ऐकता येतात. मध्यम लहरींवर परभणी लावायची तर त्या लहरी पकडणारा वेगळा संच लागतो, आणि त्याला सेलही.