न दिसणाऱ्या गॅसचं माप

मी रहाटणीहून बोलतेय.

धान्य आपण पायलीनं मोजतो, दूध मापट्यानं. पण जो डोळ्यांना दिसत नाही, तो गॅस मोजायचा कसा? आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पाइप गॅसचं बिल आणलं. म्हणाल्या, "घरात आम्ही दोघंच, तरी एवढं बिल? मीटरच खोटा दिसतोय." त्या मीटरची गोष्ट शोधत मी दोनशे वर्षं मागे गेले.

तेव्हा लंडनमध्ये दगडी कोळसा तापवून गॅस काढत आणि त्यावर दिवे लावत. मीटर नव्हता. किती दिवे आणि किती तास, त्यावर पैसे ठरत. ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिवा जळला तर कंपनीचं नुकसान, कमी जळला तर गिऱ्हाइकाचं. १८१५ च्या सुमारास सॅम्युएल क्लेग यांनी मीटर बनवला. पाण्यात बुडवलेलं, कप्पे असलेलं एक पिंप. गॅसनं एक कप्पा भरला की पिंप फिरे आणि पुढचा कप्पा भरू लागे. फेरे मोजले की गॅस मोजला! म्हणजे पायलीच की. पुढे पाणी गेलं आणि लोहाराच्या भात्यासारखे पडदे आले. आपल्या घरचा साधा मीटर आजही असाच भरतो नि रिकामा होतो.

आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. आमच्या पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण भागात पाइप गॅस देणारी महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी स्थापन झाली ती २००६ मध्ये.

मापात आणखी एक गोम आहे. गॅस तापला की फुगतो. फ्रान्सच्या जाक शार्ल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे अभ्यासलं. १५ अंशांवर १०० लिटर जागा घेणारा गॅस त्याच दाबाखाली ४० अंशांवर जवळजवळ १०९ लिटर होतो. गॅस तेवढाच, पण माप वाढलं! म्हणून मोठ्या कारखान्यांच्या मीटरजवळ तापमान आणि दाबही मोजतात आणि हिशेब ठरलेल्या तापमानावर आणतात. बिलावरचं 'एससीएम' म्हणजे असा प्रमाणित घनमीटर. तापमान मोजायला पाइप उघडा ठेवत नाहीत. पाइपात बंद तोंडाची धातूची नळी बसवलेली असते, तिच्यात तापमापक राहतो. गॅस आत, माप बाहेर.

ही काळजी उगाच नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गॅस गळून साठला. त्याला वास नव्हता, कुणाला कळलं नाही. स्फोटात सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला मुद्दाम उग्र वास देण्याचे कायदे झाले.

आता आमच्या ताईंकडे वळू. त्यांना मी सांगितलं, "रात्री शेगडीची सगळी बटणं बंद करा, मीटरचे सगळे आकडे लिहा, सकाळी चहाआधी परत बघा." सकाळी आकडे पुढे सरकलेले! त्यांनी मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून कारागीर बोलावला. शेगडीमागची रबरी नळी जुनी होऊन चिरली होती. ताईंना सर्दी, वास आलाच नव्हता. मीटर खोटा नव्हता, तोच खरं सांगत होता.

मैत्रिणींनो, महिन्यातून एकदा हे करून बघा. पण लक्षात ठेवा, मीटरच्या अलीकडची गळती मीटर दाखवत नाही. वास आला तर आकडे बघत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, व्हॉल्व्ह बंद करा, विजेचं बटण चालूही करू नका नि बंदही करू नका. बाहेर जाऊन बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावा. गळती शोधायला काडी तर कधीच पेटवू नका. सिलिंडर असला तर तिथं मीटर नसतो. सांध्याला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती समजा आणि रेग्युलेटर बंद करा. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, वर चढतो.

गटाच्या वहीत आपण पै-पैचा हिशेब लिहितो. त्याच हातानं गॅसचेही आकडे लिहूया.